मधुमालतीचे तीन दिवस

दिवेलागणीच्या सुमाराला मधुमालतीच्या एकाच घोसाकडे नीट पाहावे. त्यात पांढरी फुले असतात, गुलाबी असतात आणि गडद लालही असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, या वेलीला तीन रंगांची फुले येतात. फुले सगळी एकाच प्रकारची. रंग त्यांचे वय सांगतो. आज सूर्य कलताना उमललेले फूल पांढरे, काल उमललेले गुलाबी, परवाचे लाल. त्यांच्या अधूनमधून उद्याच्या कळ्या टोके वर काढून असतात. एवढे ठाऊक झाले की घोसावरून नजर फिरवून सांगता येते, काल किती कळ्या फुलल्या, परवा किती, आणि वेलीचा बहार चढतीला आहे की ओसरतीला.

त्यातले एक पांढरे फूल खुडून तळहातावर घ्यावे. आधी नजरेत भरते ती लांब, बारीक नळी. ती सहा-सात सेंटिमीटर लांब असते आणि बहुतेक जण तिला देठ समजतात. या फुलाला देठ असा जवळजवळ नसतोच. नळी हा फुलाचाच भाग. तिच्या बुडाशी बीजकोश, वर तोंडाशी पाच पाकळ्या आणि दहा पुंकेसर. मध नळीत खोलवर असतो, इतका की आखूड सोंडेच्या कीटकाला तो लाभू नये. पहिल्या संध्याकाळी फूल उमलते तेव्हा ते साधारण आडवे धरलेले असते, तोंड बाहेरच्या बाजूला. पांढरा रंग अंधारातही उठून दिसतो आणि सुगंध भरभरून सुटतो. हे सारे लांब सोंडेच्या हॉकमॉथ पतंगांसाठी. ते फुलावर बसत नाहीत. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतात आणि सोंड नळीत घालतात.

दुसऱ्या दिवशी फूल खाली झुकते आणि गुलाबी होते, पुढे लाल होते. आता त्याचे गिऱ्हाईक वेगळे. दिवसा मधमाश्या येतात, फुलपाखरे येतात, शिंजीर येतो. शिंजिराला लांब वाकडी चोच असते आणि लोंबत्या लाल फुलाशी उलटे-सुलटे लटकण्याची हातोटीही. सुगंध मात्र पहिल्या रात्रीचाच. लाल फूल नाकाशी नेले तर फारसे काही हाती लागत नाही, आणि तरीही वेल ते टाकून देत नाही. घोस दुरून भरगच्च दिसतो तो या लाल फुलांमुळे. माझ्या मते मधुमालतीचे सगळे सौंदर्य या रचनेत आहे. तिच्या एकट्या फुलात विशेष काही नाही. मोगऱ्याचे एक फूल ओंजळीत पुरते, मधुमालतीचे एक फूल पुरत नाही. तिला घोस लागतो, घोसाला लोंबायला मोकळी जागा लागते आणि पाहणाऱ्याला निदान तीन दिवस लागतात. वेल कुठे लावायची आणि कशी छाटायची, हे पुढचे सगळे यावरूनच ठरते.

तिचे कूळही पाहण्यासारखे आहे. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन ही सह्याद्रीतली भक्कम झाडे ज्या कुळातली, त्याच कुळात मधुमालती बसते. कोकणात आणि घाटात रानावर पसरणारी उक्षीही याच घरातली. म्हणून मधुमालतीला नाजूक म्हणताना जरा थांबावे. फूल नाजूक आहे, वेल नाही. चार-पाच वर्षांत तिचा बुंधा लाकडी होतो आणि पावसात भिजलेल्या पानांचे ओझे बांबूच्या कमानीला पेलत नाही. इमारतीच्या पाण्याच्या नळावर तिला चढवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि तिच्या चढण्याच्या पद्धतीवर तर मी फिदा आहे. तिला तणावे नाहीत, भिंतीला चिकटणारी मुळे नाहीत. पान गळते तेव्हा देठाचा खालचा तुकडा फांदीवरच राहतो, कठीण होतो आणि किंचित वळून आकड्यासारखा बनतो. या आकड्यांनी फांदी दुसऱ्या झाडात, जाळीत, खिडकीच्या गजांत अडकत वर जाते. गेल्या मोसमातल्या पानांनी या मोसमातल्या फांदीला धरून ठेवायचे, अशी ही व्यवस्था. छाटताना हातावर ओरखडे उठतात ते याच देठांचे.

चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींच्या हालचालींवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आजारपणात खोलीत पडून असताना कुंडीतल्या वेलीचा शेंडा हवेत कसा फिरतो, ते तो तासन् तास टिपत असे. हॉप वेलीच्या शेंड्याला एक फेरी पुरी करायला उन्हाळ्यात सरासरी दोन तास आठ मिनिटे लागतात, इतके नेमके त्याने मोजले. वेली चढतात कशा यावरून त्याने त्यांची वर्गवारी केली: आधाराला वेढे घालणाऱ्या, पानांनी पकडणाऱ्या, तणाव्यांच्या, आकड्यांच्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या. दीडशे वर्षांनंतरही बागेसाठी वेल निवडताना याहून उपयोगी वर्गवारी मला सापडलेली नाही. रोपवाटिकेत गेल्यावर आपण फुलाचा रंग विचारतो. आधी विचारायला हवे ते हे, की वेल चढते कशी आणि आपल्याकडे तिला धरायला आहे काय.

गोकर्ण वेढे घालते, म्हणून तिला एक सुतळी पुरते. बाल्कनीच्या कुंडीत लावायला तिच्यासारखी दुसरी वेल नाही. निळी थनबर्जियाही वेढेच घालते, पण ती अजस्र वाढते आणि लहान झाडावर सोडली तर झाडच दाबून टाकते. कृष्णकमळाला तणावे असतात, त्याला बारीक जाळी हवी. त्याच्या पानांवर काटेरी दिसणाऱ्या अळ्या आल्या की लोक घाबरून औषध फवारतात. त्या बहुधा टॉनी कोस्टर या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या असतात. पाने खाल्ली जातात, वेल पुन्हा फुटते, आणि फुलपाखरू आपल्याच बागेत राहते. फवारू नका. मधुमालती आणि बोगनवेल यांना मात्र आपण बांधून द्यावे लागते. आकडे आणि काटे आधार शोधून देत नाहीत, सापडलेला आधार सोडत नाहीत इतकेच.

बोगनवेलीविषयी इथे दोन शब्द हवेत, कारण तिचे रंग पाहूनच तिची निवड होते आणि त्यातच घोटाळा होतो. आपण ज्याला फूल म्हणतो ती तीन रंगीत पाने असतात. खरे फूल म्हणजे त्यांच्या मध्ये उभी असलेली बारीक पांढरट नळी. १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरोजवळ फिलिबेर कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मोहिमेत ही वेल नोंदली गेली आणि मोहिमेचा कप्तान बूगनव्हिल याचे नाव तिला मिळाले. त्या मोहिमेत कॉमर्सनची सहकारी जान बारे पुरुषाचा वेष करून जहाजावर होती, आणि रानातून नमुने गोळा करण्याचे पुष्कळसे कष्ट तिचे होते. नाव कप्तानाचे राहिले. पण मुद्दा उन्हाचा. बोगनवेलीला दिवसभर ऊन आणि पाण्याचा ताण हवा. विदर्भातल्या संत्र्याच्या बागायतदाराला ताण देऊन बहार धरणे म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही. बोगनवेलीचा न्याय तोच. सावलीतल्या भिंतीवर लावून रोज पाणी घातले तर भरपूर हिरवी पाने आणि काटे मिळतील. मधुमालती इतकी हट्टी नाही. अर्ध्या दिवसाच्या उन्हावरही ती फुलते, म्हणूनच शहरातल्या दोन इमारतींमधल्या बोळांत ती टिकली.

संक्रांतवेलीचा बहार जानेवारीत पुण्यातल्या कुंपणांवर पाहावा, पाने दिसेनाशी होतात इतका तो दाट असतो. हीसुद्धा ब्राझीलची, आता मात्र आपल्या सणाचे नाव मिरवणारी. आणि पेट्रिया. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिला निळ्या-जांभळ्या चांदण्यांचे तुरे येतात. प्रत्येक चांदणीत दुसरी गडद चांदणी असते. आतली गडद चांदणी म्हणजे फूल; ती लवकर गळते. बाहेरची फिकट चांदणी हा पुष्पकोश. तो आठवडेच्या आठवडे राहतो, हळूहळू करडा होतो आणि शेवटी फळाला घेऊन गिरक्या घेत खाली उतरतो. ओसरता बहारही पाहण्याजोगा असणे फार थोड्या वेलींना साधते. पेट्रियाला साधते आणि मधुमालतीला साधते. म्हणून माझ्या निवडीत या दोघी पहिल्या.

गव्हाच्या वाणांवर हयात घालवलेले आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल यांनी ‘ब्यूटिफुल क्लाइंबर्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक फुलवेलींसाठी वेगळे लिहिले. देशाच्या भाकरीची काळजी वाहणाऱ्या माणसाने वेलींना पुस्तक द्यावे, याचा मला नेहमी आनंद वाटतो.

आता छाटणी. मधुमालतीविषयीची सर्वांत जुनी तक्रार अशी: वेल आमच्या दारात, फुले तिसऱ्या मजल्यावर. खाली पाहावे तर मनगटाएवढे उघडे खोड, वर गच्चीच्या कठड्यावर रंगांची दाटी. हा वेलीचा दोष मुळीच नव्हे. प्रत्येक फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संजीवक तयार होते आणि ते फांदीतून खाली उतरते. ते उतरत असते तोवर खालच्या पेरांवरचे डोळे निजून राहतात. फांदी सरळ उभी वाढली की शेंड्याची सत्ता पुरी चालते, आणि फुले शेंड्याशीच येत असल्याने ती वर-वर जात राहतात. या सत्तेला बगल देण्याच्या दोन वाटा आहेत. एक, शेंडा कापणे. दुसरी, फांदी वाकवून आडवी बांधणे. आडव्या फांदीवर खालचे डोळेही जागे होतात आणि पेरापेरातून फुटवे उभे राहतात. पुष्कळ जण पहिलीच वाट वापरतात. मला दुसरी अधिक प्रिय आहे, कारण तिच्यात काही गमवावे लागत नाही. कमानीवर वेल चढवताना तिला सरळ वर नेऊ नये. खांबाभोवती तिरपी, नागमोडी फिरवत न्यावी, म्हणजे गुडघ्याच्या उंचीपासून फुले लागतात. बांधायला काथ्याची दोरी, तीही सैल. तार वापरली तर दोन वर्षांत ती खोडात रुतते.

कापण्याआधी एक गोष्ट माहीत असावी लागते: ही वेल आपले फूल कुठे राखून ठेवते? याचे उत्तर नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराइतके कोणी नेमके जगलेले नाही. तो वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढचा घड सूक्ष्मरूपाने तयार होतो; मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तीही काडीचा कितवा डोळा घडाचा आहे हे पाहून. ऑक्टोबरात एक डोळा चुकला की घड गेला. मधुमालती याच्या उलट स्वभावाची. जुन्या लाकडात ती काहीच राखून ठेवत नाही. ती फुलते नव्या फुटीवर. त्यामुळे तिला निःशंकपणे छाटता येते, नव्हे, छाटलीच पाहिजे. तिची पाने बहुतेक समोरासमोर असतात, म्हणजे एका पेरावर दोन डोळे. पेराच्या वर एक काप दिला की सहसा दोन फुटवे निघतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी घोस धरतो. एका कापाला दोन घोस. हे गणित उमगलेला माणूस कात्री हातात घ्यायला कचरत नाही.

संक्रांतवेल आणि पेट्रियाला हे गणित तसेच लावू नये. त्यांचा बहार हिवाळ्यात आणि हिवाळ्याच्या शेवटी येतो, पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर. त्यांना बहार सरताच छाटावे आणि नंतर हात आवरावा. दिवाळीच्या साफसफाईत कुंपणावरची संक्रांतवेल कोरून काढणारे लोक संक्रांतीला फुले का नाहीत म्हणून विचारतात. जाई-जुईचे वेळापत्रक आणखी वेगळे आणि ते तमिळनाडूच्या फुलमळ्यांत अगदी आखीव आहे: जाई डिसेंबरअखेरीला जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर, जुई जानेवारीअखेरीला ४५ सेंटिमीटरवर. घरच्या मांडवावर इतके खाली यायची गरज नाही, पण महिने तेच पाळावेत. मोजकी पाने आणि पुष्कळ कळ्या हव्या असणाऱ्याने जाईवर दया दाखवू नये.

मधुमालतीला आपल्याकडे फेब्रुवारी चांगला. थंडी सरत असते, पाने विरळ झालेली असतात आणि वेलीचा सांगाडा उघडा दिसतो. पहिल्या दिवशी कात्री न्यावी, पण चालवू नये. बुंध्यापासून प्रत्येक मुख्य फांदीच्या मागे नजरेने वर जावे: ही कुठून निघाली, कुणावर घासते, उन्हात पोचते की नाही. मग तीन प्रकारच्या फांद्या काढाव्यात. आधी वाळलेल्या. नखाने साल खरवडली आणि आत हिरवे दिसले नाही, की ती गेली. नंतर बारीक, सुतळीएवढ्या, आतल्या अंधारात वाढलेल्या. त्या फुलत नाहीत आणि हवा अडवतात. शेवटी, वेल जुनी असेल तर, सर्वांत जाड लाकडी फांद्यांपैकी एक किंवा दोन जमिनीलगत करवतीने. याला धीर लागतो, पण मधुमालती मुळांपासून भराभर धुमारे सोडते आणि त्यांतला एक सशक्त धुमारा मोकळ्या झालेल्या जागी वळवून घेता येतो. दर वर्षी एकदोन फांद्या अशा पालटत राहिल्या की वेल कधी म्हातारी होत नाही.

उरलेल्या फांद्या एकाच उंचीवर कापायच्या नाहीत. काही गुडघ्याशी, काही छातीशी, काही डोक्याच्या वर. त्यामुळे घोस कमानीवर एकाच पट्ट्यात न येता वरपासून खालपर्यंत विखरून येतात, आणि लहान मुलाच्या नाकाशीही एखादा येतो. काप पेराच्या साधारण अर्धा सेंटिमीटर वर, किंचित तिरपा. डोळ्याला लागून कापले तर डोळा वाळतो, फार वर कापले तर मधला ठोंब सडतो. कात्रीला धार असावी, फांदी चिरडता कामा नये. अंगठ्याहून जाड कापावर बोर्डो पेस्ट लावावी. मोरचूद आणि चुन्याचा हा लेप बुरशीला दूर ठेवतो. भर पावसाळ्यात मोठी छाटणी टाळावी, ती याच बुरशीमुळे. त्या काळात सरलेले घोस दोन-तीन पेरे मागे घेऊन खुडले तरी पुरते, पुढचा बहार तिथूनच येतो.

एका गोष्टीची मला मनापासून खंत वाटते. कुंपणाची मोठी कात्री घेऊन मधुमालतीची चौकोनी भिंत करण्याची रीत अलीकडे गृहसंकुलांतून रूढ झाली आहे. दर महिन्याला वरवर सारखे कापले की बाहेरून पानांची जाड साय धरते, फुटव्याला घोसापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही, आणि जे एकदोन घोस येतात ते पानांत दबून राहतात. मेंदीचे कुंपण करायला मेंदी आहे. ज्या वेलीचा सगळा डौल लोंबण्यात आहे, तिला लोंबायला खाली हात-दोन हात मोकळी हवा द्यावी. कमान आठ फुटांहून बुटकी नसावी.

दुसरा मतभेद दुहेरी फुलांच्या मधुमालतीशी. रोपवाटिकांत हल्ली तिचाच बोलबाला. पाकळ्या जास्त, घोस भरीव, फोटोत छान. मला ती रुचत नाही. पाकळ्यांच्या गर्दीत नळीचा कमनीय लांबट बाक हरवतो आणि आडव्या पांढऱ्या फुलापासून झुकलेल्या लाल फुलापर्यंतचा तो प्रवास स्पष्ट दिसत नाही. एकेरी मधुमालती साधी आहे आणि तिच्या साधेपणातच सगळे वाचता येते. दोन्ही समोर असतील तर बेलाशक एकेरी घ्या.

कात्री उचलण्याआधी वेलीच्या आत डोकावून पाहा. बुलबुल आणि मनोली यांना मधुमालतीची गच्च जाळी घरट्यासाठी फार आवडते. घरटे असेल तर तेवढी बाजू पिल्ले उडेपर्यंत तशीच राहू द्या, बाकीची छाटा. वेलीचे काही बिघडत नाही, त्या बाजूचा बहार थोडा उशिरा येतो इतकेच. आणि नवी वेल लावायची असेल तर रोपवाटिकेत जाण्याआधी शेजारी चौकशी करा. जुन्या मधुमालतीच्या बुडाशी मुळ्यांसकट फुटलेले धुमारे जवळपास नेहमी असतात. पहिल्या पावसानंतर त्यांतला एक मातीच्या गड्ड्यासह काढून लावला की तो सहज जगतो.